‘घर आपलंच आहे’ असं मोक्तेसुमा म्हणाला, तेव्हा

आपल्याकडे पाहुणा दारात आला की यजमान म्हणतो, ‘‘या, दमला असाल. बसा. घर आपलंच आहे.’’ पाहुणा पाणी पितो, चपला नीट लावतो, आत येऊन टेकतो. त्या वाक्याच्या जोरावर सातबाऱ्यावर आपलं नाव चढवून घ्यायला कुणी तलाठ्याकडे जात नाही. वाक्याचा शब्दशः अर्थ काय आणि खरा अर्थ काय, हे दोघांनाही ठाऊक असतं, कारण दोघांची भाषा आणि रीत एकच असते.

८ नोव्हेंबर १५१९ रोजी आजच्या मेक्सिको सिटीच्या जागी, तलावातल्या तेनोच्तित्लान नावाच्या शहरात, बरंचसं असंच वाक्य बोललं गेलं. बोलणारा होता मेशिका लोकांचा राजा मोक्तेसुमा. (ज्यांना आपण शाळेच्या पुस्तकात ‘अ‍ॅझ्टेक’ म्हणून वाचतो, ते स्वतःला मेशिका म्हणवत.) ऐकणारा होता स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस. पुढच्या वर्षी कोर्तेसने स्पेनच्या राजाला लिहिलं की मोक्तेसुमाने स्वतःचं राज्य राजीखुशीने स्पेनच्या हवाली केलं.

त्या दोघांच्या मध्ये एक तरुण बाई उभी होती. ती बोलली नसती तर दोघांनाही एकमेकांचं एक अक्षर कळलं नसतं. मी स्वतः भाषांतराची कामं करते, त्यामुळे अमेरिकेतल्या युरोपीय वसाहतींच्या सुरुवातीचा इतिहास वाचताना तलवारी आणि घोड्यांपेक्षा माझं लक्ष तिच्याकडेच जातं. कुणी काय म्हटलं, मधल्या माणसाने ते कसं पोचवलं आणि शेवटी कागदावर काय उतरलं, एवढं नीट पाहिलं की हा सगळा काळ बराच वेगळा दिसायला लागतो.

सुरुवात २७ वर्षं मागे जाऊन करू. १४९२ मध्ये कोलंबस पश्चिमेकडे निघाला, तेव्हा त्याने दुभाषी म्हणून लुईस दे तोर्रेस याला सोबत घेतलं होतं. हा ख्रिस्ती झालेला ज्यू. त्याला हिब्रू, अरामाइक आणि थोडी अरबी येत असे. आशियात पोचलो की तिथल्या दरबारात अरबी जाणणारा कुणी तरी भेटेलच, हा हिशेब होता. प्रत्यक्षात १२ ऑक्टोबरला जहाजं बहामातल्या ग्वानाहानी बेटाला लागली. तिथले लोक ताइनो कुळातली भाषा बोलत. तोर्रेसच्या तिन्ही भाषा निरुपयोगी ठरल्या आणि बोलणं हातवाऱ्यांवर आलं. कोलंबसने यावर काढलेला उपाय पुढच्या काळाची दिशा सांगतो. त्याने बेटावरची काही माणसं पकडून जहाजावर घेतली, म्हणजे ती स्पॅनिश शिकतील आणि पुढे दुभाषी म्हणून कामाला येतील. अमेरिकेतले पहिले दुभाषी असे पळवून आणलेले कैदी होते.

दुसऱ्या बाजूची भाषा येत नाही म्हणून स्पॅनिश सत्ता थांबली मात्र नाही. १५१३ मध्ये स्पेनच्या दरबारातल्या पालासिओस रुबिओस या कायदेपंडिताने एक मसुदा तयार केला. त्याला ‘रेकेरिमिएन्तो’ म्हणतात; आपल्या भाषेत ‘जाहीर तंबी’ म्हणता येईल. नव्या प्रदेशात पाऊल टाकलं की तिथल्या लोकांसमोर तो वाचायचा. जग देवाने निर्माण केलं, देवाने पोपला नेमलं, पोपने हा मुलूख स्पेनच्या राजाला दिला. तेव्हा शरण या, नाही तर युद्ध करू, तुम्हाला गुलाम करू, आणि जे मरतील त्याचा दोष तुमच्याच माथी, असा त्याचा मथितार्थ. हे सगळं स्पॅनिशमध्ये, ज्यांना त्यातला एक शब्द कळत नाही अशांसमोर. कधी कधी तर माणसं पळून गेलेल्या रिकाम्या गावात. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मोपदेशकाने हा मसुदा वाचून लिहिलं की हसावं की रडावं हे कळत नाही. ऐकणाऱ्याला समजलं की नाही, याला त्या विधीत काही किंमतच नव्हती. विधी पार पडल्याची लेखी नोंद झाली की पुढचं युद्ध कायदेशीर ठरत होतं. कोर्तेसची गोष्ट समजायला ही एक बाब पक्की लक्षात ठेवावी लागते.

आता मेक्सिको. १५११ मध्ये एक स्पॅनिश जहाज युकातान द्वीपकल्पाजवळ बुडालं. वाचलेल्यांपैकी दोघं माया लोकांमध्ये बरीच वर्षं जगले. एकाचं नाव हेरोनिमो दे आगिलार, दुसऱ्याचं गोन्सालो गेरेरो. आगिलार गुलामीत राहिला आणि माया भाषा शिकला. गेरेरोने तिथेच लग्न केलं, अंगावर गोंदून घेतलं, त्याला मुलं झाली. १५१९ च्या सुरुवातीला कोर्तेस ११ जहाजं, सुमारे ५०० सैनिक आणि १६ घोडे घेऊन क्युबाहून तिथे पोचला, तेव्हा आगिलार धावत येऊन मिळाला. गेरेरो आला नाही. तो आता तिथलाच झाला होता आणि पुढे माया लोकांच्या बाजूने स्पॅनिशांशी लढला. एकाच जहाजातून वाचलेल्या दोन माणसांच्या या दोन वाटा मला फार बोलक्या वाटतात. ‘युरोपीय’ आणि ‘इंडियन’ या दोन घट्ट बंद पेट्या तेव्हाही नव्हत्या.

मार्च १५१९ मध्ये ताबास्कोच्या किनाऱ्यावर पोतोन्चान इथल्या माया लोकांचा स्पॅनिशांनी पराभव केला. तह म्हणून त्यांनी सोनं, कापड आणि २० बायका दिल्या. कोर्तेसने त्या बायकांना बाप्तिस्मा देवविला आणि आपल्या सरदारांत वाटून टाकलं. त्यातल्या एकीचं नाव ठेवलं मारिना. तिचं जन्मनाव कुणीही लिहून ठेवलेलं नाही. ती मूळची कोआत्साकोआल्कोसकडची, घरची भाषा नाहुआत्ल. लहानपणीच गुलाम म्हणून ती माया मुलखात आली होती, त्यामुळे माया भाषाही तिला येत होती.

काही आठवड्यांनी जहाजं आणखी वर, आजच्या वेराक्रूसजवळ लागली आणि मोक्तेसुमाचे वकील भेटायला आले. ते बोलत होते नाहुआत्ल. आगिलार गप्प झाला, कारण त्याला ती भाषा येत नव्हती. मारिनाला येते हे तिथे लक्षात आलं.

मग साखळी अशी बनली: कोर्तेस स्पॅनिशमध्ये बोले, आगिलार त्याचं माया भाषेत करी, मारिना मायाचं नाहुआत्लमध्ये करी. उत्तर त्याच वाटेने उलटं येई. आगिलारची माया युकातानची आणि तिची ताबास्कोकडची, म्हणजे त्या दोन बोलींतही फरक. कोर्तेस जेव्हा ‘सम्राट’, ‘पवित्र त्रैक्य’, ‘प्रजा’ असे शब्द वापरत असेल, तेव्हा आठ वर्षं माया गावात गुलामी केलेल्या माणसाने त्यांना कोणते शब्द शोधले असतील? आणि दुसऱ्या टोकाला मोक्तेसुमाच्या कानावर काय पडलं असेल? दोन भाषांमधून जाताना अर्थाचं काय होतं हे मी रोज बघते. इथे तीन होत्या, आणि चुकीची किंमत माणसांच्या जिवात मोजायची होती. काही महिन्यांत मारिना स्वतः स्पॅनिश शिकली आणि आगिलारची गरज कमी होत गेली.

तिच्या नावाची हकिकतही भाषेचीच आहे. नाहुआत्लमध्ये ‘र’ नाही, म्हणून मारिनाचं ‘मालिना’ झालं. आपण नावापुढे ‘बाई’, ‘राव’ किंवा ‘जी’ लावतो, तसा नाहुआत्लमध्ये आदरार्थी ‘त्सिन’ लागतो. लोक तिला ‘मालिन्त्सिन’ म्हणू लागले. ते ऐकून स्पॅनिशांनी केलं ‘मालिन्चे’. स्थानिक लोक तर कोर्तेसलाही ‘मालिन्चे’ म्हणत, कारण त्यांच्या लेखी तो मालिन्त्सिनचा सरदार होता. काही महिन्यांपूर्वी भेटवस्तू म्हणून दिलेल्या गुलाम मुलीला लोकांनी आदरार्थी प्रत्यय लावला, यामागे एक कारण दिसतं. नाहुआत्लमध्ये राजाला ‘त्लातोआनी’ म्हणतात आणि त्याचा सरळ अर्थ आहे ‘बोलणारा’. जो लोकांच्या वतीने बोलतो तो सत्ताधीश. तिथल्या चित्रलिपीत माणूस बोलतोय हे दाखवायला तोंडापुढे गुंडाळीसारखी खूण काढतात. परक्यांच्या वतीने बोलत होती ती ही बाई. कोर्तेसच्या १५२० च्या पत्रात मात्र तिचं नावही नाही. तिथे ती आहे ‘माझी जीभ, या देशातली एक इंडियन बाई’. स्पॅनिशमध्ये त्या काळी दुभाष्याला ‘जीभ’च म्हणत.

दोन्ही बाजू नव्या गोष्टींना आपापल्या जुन्या शब्दांत बसवत होत्या. नाहुआत्ल बोलणाऱ्यांनी घोडा कधी पाहिला नव्हता; त्यांनी त्याला ‘मासात्ल’ म्हटलं, म्हणजे हरीण. मेंढीला त्यांनी ‘इचकात्ल’ म्हटलं, म्हणजे कापूस. कोर्तेस मेशिकांच्या देवळांना पत्रात चक्क ‘मशिदी’ म्हणतो, कारण स्पेनमध्ये परधर्माचं प्रार्थनास्थळ म्हणजे मशीद एवढंच त्याच्या अनुभवात होतं. हरीण म्हणणारे लवकरच घोडा ओळखायला शिकले. दुसऱ्या बाजूच्या काही शब्दांची दुरुस्ती आजवर पुरती झालेली नाही. ‘इंडियन’ हा त्यातलाच.

आता त्या भाषणाकडे परत येऊ. त्या भेटीच्या दोन वेगळ्या नोंदी आपल्याकडे आहेत. एक कोर्तेसचं १५२० चं पत्र. दुसरी काही दशकांनंतर नाहुआ, म्हणजे नाहुआत्ल बोलणाऱ्या, लोकांनी आपल्या भाषेत सांगून लिहिलेली. त्या दुसऱ्या नोंदीत मोक्तेसुमा म्हणतो, की आपण फार दमून आलात, आपण आपल्या नगरीत पोचलात, आपल्या चटईवर, आपल्या आसनावर येऊन बसा, मी ती थोडे दिवस आपल्यासाठी राखून ठेवली होती. भाषण इतक्या वर्षांनी लिहिलेलं असल्यामुळे त्यातला शब्दन् शब्द त्या दिवशीचा आहे असं नव्हे. पण त्याची धाटणी अस्सल आहे.

नाहुआत्लमध्ये दरबारी बोलण्याची एक स्वतंत्र तऱ्हा होती, आणि ती लहानपणापासून शिकवावी लागे. त्यात जोडशब्दांची रेलचेल असते. ‘चटई-आसन’ म्हणजे राज्य. ‘पाणी-डोंगर’ म्हणजे नगर. ‘फूल-गाणं’ म्हणजे कविता. आपण ‘दाणापाणी’ म्हणतो तेव्हा मनात दाणे आणि पाणी नसतात, पोटापाण्याची सोय असते, तसंच. शिवाय या तऱ्हेत जो थोर तो स्वतःला लहान म्हणवतो आणि समोरच्याला उंचावर बसवतो. असं बोलता येणं हाच थोरपणाचा पुरावा. ‘हे आसन आपलंच, मी फक्त राखणदार’ हे वाक्य सत्ता सोडणाऱ्याचं असण्यापेक्षा, ज्याच्या सत्तेला धक्का लागू शकत नाही अशा राजाच्या आतिथ्याचं असण्याची शक्यता मला कितीतरी जास्त वाटते. अनेक अभ्यासकही आज तसंच मानतात. मालिन्त्सिनला ही दरबारी तऱ्हा झेपली, यावरून तिचं बालपण साध्या घरात गेलं नसावं असाही तर्क केला जातो.

मग कोर्तेसने ‘राज्य दिलं’ असं का लिहिलं? त्याला खरंच तसं वाटलं असेल का? त्याच्या मनात शिरता येत नाही, पण त्याची अडचण स्वच्छ दिसते. क्युबाचा गव्हर्नर दिएगो वेलास्केस याने त्याला शोध आणि व्यापार एवढ्याचीच परवानगी दिली होती. तो हुकूम मोडून तो आत घुसला होता, म्हणजे कायद्याच्या नजरेत जवळजवळ बंडखोर. पत्रावर तारीख आहे ३० ऑक्टोबर १५२०. त्याच्या चारच महिने आधी, ३० जूनच्या रात्री, मेशिकांनी स्पॅनिशांना तेनोच्तित्लानमधून हाकलून लावलं होतं आणि त्यात त्याची शेकडो माणसं मेली होती. हातचं शहर गेलं होतं. अशा वेळी ‘इथला राजा आधीच आपला मांडलिक झालाय’ असं लिहिलं की सगळं उलटं होतं: शहरातले लोक आपली भूमी राखणारे न राहता बंडखोर ठरतात, आणि त्यांच्यावरचा हल्ला म्हणजे बंडाचा बंदोबस्त. रेकेरिमिएन्तोमागची रीतच इथे पुन्हा आली. आधी शरणागती कागदावर आणायची, मग नकार देणाऱ्याला गुन्हेगार करायचं.

‘मेशिकांना स्पॅनिश लोक देव वाटले’ ही गोष्टही याच चाळणीतून घ्यायला हवी. ती अजून सगळीकडे सांगितली जाते. कोर्तेसच्या पत्रांत मात्र, आपण परत आलेला देव केत्साल्कोआत्ल समजलो गेलो, असं कुठेही नाही. उलट त्याच्याच पत्रात मोक्तेसुमा कपडे वर करून अंग दाखवतो आणि म्हणतो, बघा, मी तुमच्यासारखाच हाडामांसाचा आहे. देव समजण्याची कथा नंतरच्या दशकांत रचत आणि रुजत गेली. परक्यांसाठी ‘तेओत्ल’ हा शब्द वापरला गेला हे खरं, पण त्याचा पसारा ‘देव’ या एका शब्दापेक्षा खूप मोठा आहे. भाबडे लोक, चतुर गोरे आणि एका फटक्यात कोसळलेलं साम्राज्य हे चित्र सोयीचं आहे, म्हणून टिकलं. मला त्याचा मनापासून राग येतो, कारण त्यात खऱ्या माणसांची खरी गणितं पुसली जातात.

ती गणितं काय होती? मेशिकांचं साम्राज्य म्हणजे खंडणी देणाऱ्या नगरांचं जाळं होतं आणि त्यातले कित्येक जण नाराज होते. किनाऱ्यावरचं सेम्पोआला आधी स्पॅनिशांना मिळालं. त्लाश्काला हे डोंगराळ राज्य मेशिकांनी चारी बाजूंनी वेढलेलं होतं. त्यांना मीठ आणि कापूससुद्धा मिळेनासा झाला होता. त्लाश्कालांनी आधी स्पॅनिशांशी जोरदार लढाई केली, मग विचार करून युती केली. त्यांच्या दृष्टीने हे जुन्या शत्रूविरुद्ध मिळालेलं नवं हत्यार होतं. १५२१ च्या मे महिन्याच्या अखेरीस तेनोच्तित्लानला वेढा पडला. स्पॅनिश हजाराच्याही आत होते आणि त्लाश्काला, तेश्कोको वगैरे ठिकाणचे सैनिक हजारोंनी. तलावातल्या लढाईसाठी १३ जहाजं त्लाश्कालात बांधली गेली. त्यांचे सुटे भाग हजारो हमालांनी डोंगरवाटेने खांद्यावर वाहून आणले. ‘मूठभर स्पॅनिशांनी जिंकलं’ या वाक्यात या खांद्यांना जागा नाही.

आणि देवी. आपल्याकडे ज्या रोगाला ‘देवी’ म्हणत, तो १५२० मध्ये किनाऱ्यावर उतरलेल्या दुसऱ्या एका स्पॅनिश तुकडीबरोबर आला. या खंडातल्या लोकांच्या शरीराला तो रोग ठाऊकच नव्हता. नाहुआंनी त्याला ‘मोठे फोड’ अशा अर्थाचं नाव दिलं. माणसांना कूस बदलता येत नव्हती, हलवलं तर किंचाळत, असं त्यांच्या आठवणीत आहे. घरोघरी सगळेच आजारी, त्यामुळे भाकरी करून घालायला कुणी उरलं नाही, आणि कितीतरी लोक रोगाने नव्हे तर भुकेने गेले. मोक्तेसुमानंतर गादीवर आलेला कुइत्लावाक सुमारे ८० दिवसांत या साथीतच वारला. १३ ऑगस्ट १५२१ ला शहर पडलं, तेव्हा शेवटचा राजा कुआउतेमोक पकडला गेला. पुढे १५४५ आणि १५७६ मध्ये आणखी भीषण साथी आल्या. शतक संपेपर्यंत मध्य मेक्सिकोतली लोकसंख्या आधीच्या एका लहानशा हिश्शावर आली होती.

तरी भाषा संपली नाही, आणि हा भाग सहसा कुणी सांगत नाही. १५३६ मध्ये त्लातेलोल्को इथे फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी नाहुआ मुलांसाठी शाळा काढली. मुलं तिथे लॅटिनसुद्धा शिकली. बेर्नार्दिनो दे साहागुन या पाद्र्याने तिथल्याच आन्तोनिओ वालेरियानोसारख्या नाहुआ विद्वानांना घेऊन नाहुआत्ल आणि स्पॅनिशमध्ये १२ खंडांचा प्रचंड ग्रंथ तयार केला. देव, सण, औषधी झाडं, बाजार, म्हणी, आणि शेवटी त्यांच्या बाजूने सांगितलेलं युद्ध. वर मी सांगितलेली आसनाची आणि फोडांची वर्णनं त्यातलीच. साहागुनचा हेतू जुना धर्म ओळखून उपटून टाकण्याचा होता, पण सांगणाऱ्यांनी त्यात आपलं जग ठेवून दिलं. त्लाश्कालाच्या नगरसभेचं कामकाज तर स्पॅनिश राजवटीतही नाहुआत्लमध्ये लिहिलं जात होतं. लोक रोमन लिपी शिकले आणि तीच वापरून जमिनीचे दावे, मृत्युपत्रं, राजाकडे तक्रारी लिहू लागले. युकातानमध्ये मात्र १५६२ साली दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया लिपीतली पुस्तकं जाळली. आज त्या लिपीतली जेमतेम ४ हस्तलिखितं उरली आहेत.

गोव्याचा इतिहास वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही एकीकडे पोथ्या नष्ट झाल्या आणि दुसरीकडे थॉमस स्टीफन्ससारख्या पाद्र्याने १६१६ मध्ये मराठीत ‘क्रिस्तपुराण’ छापलं. पोर्तुगीज जहाजांनी तर अमेरिकेतले शब्दही आपल्या ताटात आणून वाढले. ‘बटाटा’ मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, ‘काजू’ आणि ‘अननस’ ब्राझीलमधल्या तुपी भाषेतले. ‘टोमॅटो’ इंग्रजीच्या वाटेने आला, पण मूळ नाहुआत्ल ‘तोमात्ल’.

दुभाषी आपल्याकडेही होते. १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील राज्याभिषेकासाठी रायगडावर आला, तेव्हा त्याच्यासोबत नारायण शेणवी होते. पण शेणवींचा तो पेशा होता. मालिन्त्सिनला कुणी विचारलं नव्हतं. तिला कोर्तेसपासून मार्तिन नावाचा मुलगा झाला. १५२४ मध्ये तिचं लग्न हुआन हारामिल्यो या दुसऱ्या स्पॅनिश माणसाशी लावलं गेलं, एक मुलगी झाली, आणि १५२९ च्या सुमारास ती वारली, बहुधा तिशीच्या आतच. तीन भाषा बोलणाऱ्या या बाईच्या हातचं एक अक्षरही उरलेलं नाही.

१८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर नव्या राष्ट्राला गद्दार हवा होता आणि ती सापडली. आजही तिथे परक्याचं गुणगान करणाऱ्याला ‘मालिन्चिस्ता’ म्हणून हिणवतात. पण जिला लहानपणी गुलाम म्हणून परक्या मुलखात धाडलं गेलं, तिने मेशिकांशी निष्ठा का ठेवावी? ‘मेक्सिकन’ नावाचं कुणी तेव्हा नव्हतंच. गेल्या काही दशकांत मेक्सिकोतल्याच अनेक स्त्रियांनी हे प्रश्न मोठ्याने विचारायला सुरुवात केली आहे.

त्लाश्कालांनी १५५० च्या दशकात कापडावर आपला विजय रंगवून घेतला. त्या चित्रांत ती पुन्हा पुन्हा मधोमध येते, कधी कोर्तेसपेक्षा ठळक, हात पुढे करून बोलताना. त्यांच्या प्रांतात चार हजार मीटरहून उंच एक ज्वालामुखी पर्वत आहे. पूर्वी त्याला मात्लाल्कुएये म्हणत, निळ्या परकराची देवी. आता नकाशावर त्याचं नाव ‘ला मालिन्चे’ असं आहे, आणि त्याच्या उतारावरच्या काही गावांत म्हातारी माणसं अजून नाहुआत्ल बोलतात.